काटेकाकांचं वायरलेस

महादेवराव काटे यांच्यासमोर कोणी "होत नाही" असं म्हटलं की ते खिशातून पेन काढत आणि विचारत, "किती वाजता?"

समोरचा माणूस गोंधळे. होत नाही म्हणजे होत नाही, त्याला वेळ कसली? पण काका पेनाचं टोपण काढून थांबलेले असत. मग तो माणूस आठवू लागे, आपण शेवटचं केव्हा करून पाहिलं, काय दाबलं, पडद्यावर काय उमटलं. आठवता आठवता निम्म्या लोकांच्या लक्षात येई की आपण करून पाहिलेलंच नाही. कोणीतरी होत नाही म्हणालं म्हणून आपणही म्हणतोय. असा माणूस हळूच निघून जाई. काका त्याचीही नोंद करत: "१६.४०. तक्रार मागे."

ते पोलिसांत वायरलेस ऑपरेटर होते. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण घड्याळ अजून चोवीस तासांचं होतं, आणि फोन उचलल्यावर ते "हॅलो" न म्हणता "काटे, दर्पण कॉलनी" म्हणत. दुसरा बोलत असताना मध्ये कधी बोलत नसत. त्याचं संपलंय असं वाटल्यावरही दोन क्षण थांबत. "दोघांनी एकदम बटण दाबलं की दोघांचंही जात नाही," हे त्याचं कारण. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळाच्या सभेत, जिथे सात माणसं एकाच वेळी सात ठराव मांडतात, तिथे हा माणूस गुडघ्यावर वही ठेवून गप्प बसलेला असे आणि सगळे दमले की म्हणे, "आता पहिल्यापासून. एकेक स्टेशन."

त्यांचं मराठी आम्हा ग्वाल्हेरकरांचं असतं तसंच होतं. वाक्य मराठीत निघायचं, मध्ये हिंदीत एक चक्कर मारायचं आणि क्रियापदासाठी घरी परतायचं. "अगं, वो तो ठीक आहे, पण बाद में कोण बघणार?" पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर आलेले. त्याचा अभिमान होता, पण काका तो अशा रीतीने सांगत की ऐकणाऱ्याला हसू यावं. "पणजोबा घोड्यावरून निरोप न्यायचे, मी बसल्या जागेवरून नेला. घोड्याचा चारा वाचला."

मी त्यांना ओळखू लागले ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, हजीरा या गिरणीभागातल्या एका खोलीमुळे. बंद पडलेल्या गिरणीच्या लाइनींना, म्हणजे कामगारांच्या चाळींना, लागून ती खोली आहे. कोणा निपुत्रिक सभासदाने मृत्युपत्रात ती मंडळाला दिली, आणि मंडळाने ती कुलूप लावून ठेवली, कारण लष्करात गोरखीच्या आसपास राहणाऱ्या आमच्या मंडळींना हजीरा म्हणजे परदेश वाटतो. मी हजीऱ्यातलीच. माझे वडील गिरणीत होते आणि युनियनची पत्रकं लिहीत. आमच्या कपाटाच्या फळ्यांवर उरलेली पत्रकं अंथरलेली असत. मी वाचायला त्यांवरच शिकले. म्हणून एका कचेरीने मोडीत काढलेले नऊ लॅपटॉप मंडळाकडे आले आणि कोणालाच ते नकोत असं दिसलं, तेव्हा मी सभेत उभी राहिले आणि ही नऊ यंत्रं हजीऱ्याच्या खोलीत मांडून तिथल्या लोकांसाठी खुली करावीत, असं सांगितलं. बरंच बोलले. बसल्यावर मागून आवाज आला, "बाई, खोलीत विजेचे पॉइंट किती आहेत?"

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी काका सवारीचे टेंपो बदलत हजीऱ्याला आले, पॉइंट मोजले, तीन निघाले, आणि त्यांच्या वहीचं पहिलं पान सुरू झालं. त्या दिवसापासून ते मला पत्रकबाई म्हणू लागले.

यंत्रांवरची जुनी, विकतची संगणकप्रणाली मुदत संपून बंद झालेली होती. मंडळाचे चिटणीस सबनीस वकील म्हणाले, "हजीऱ्यात कोणत्याही दुकानात तीच फुकटात घालून देतात हो. सब चलता है."

मी उत्तर तयार करून आले होते. ज्ञानावर कुलूप लावणाऱ्या कंपन्या, त्या कुलपांची चोरी करून त्यांनाच मोठं करणारे आपण, आणि सर्वांनी मिळून उभी केलेली, कोणालाही उघडून पाहता येणारी लिनक्ससारखी मुक्त प्रणाली, असं तीन पानी. ते मी खिशातून काढेपर्यंत काका म्हणाले, "वकीलसाहेब, चोरीचा माल खोलीत ठेवायचा? मी पोलिसांत होतो." विषय संपला. मुक्त प्रणाली आली. माझी तीन पानं तशीच राहिली.

पहिल्या आठवड्यात माझं त्यांच्याशी भांडणही झालं, आणि ते सांगितलं नाही तर हे चित्र खोटं होईल. खोलीत येणाऱ्या पहिल्या बाई म्हणजे राजाबेटी. पंचेचाळिशीच्या, अंगणवाडीत सहायिका. त्यांना मुक्त शाळेतून दहावी करायची होती. धडे इंटरनेटवर होते, घरातला एकुलता फोन नवरा टेंपोवर घेऊन जाई, आणि दिवसभराच्या कामातून त्यांना मोकळे मिळत ते चार ते सहा हे दोनच तास. त्या दारात चपला काढून आत आल्या आणि काका त्यांना म्हणाले, "अच्छा, आ गईं? जरा चाय चढ़ा दीजिए."

राजाबेटींनी स्टोव्हकडे पाहिलं, वही पिशवीत टाकली आणि चहा ठेवला. मी काकांना बाहेर ओट्यावर नेलं आणि जे बोलायचं ते बोलले. ही बाई शिकायला आली आहे. तुम्ही तिला पाहताक्षणी चहावाली केलंत. सबनीस वकील आले असते तर त्यांना सांगितलं असतंत का?

ते माझं संपेपर्यंत थांबले. नंतर दोन क्षण थांबले. मग म्हणाले, "चूक." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून सोळा दहाचा चहा ते स्वतः करू लागले. तो चहा भयंकर असे. राजाबेटी एक घोट घेऊन म्हणायच्या, "काका जी, इसमें पत्ती भी डलती है." पण त्यांनी तो सोडला नाही. आपल्या पूर्वग्रहावर भाषण करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. रोज स्टोव्ह पेटवणारा हा एकच.

खरी अडचण पुढे आली. समोरच्या होमिओपॅथी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आपलं इंटरनेट आम्हाला वापरायला दिलं होतं, पण ते हवेतून घ्यायचं होतं. गल्लीवरून केबल ओढून पाहिली. मंडपाचे बांबू घेऊन जाणाऱ्या ट्रॉलीने ती एका आठवड्यात दोनदा तोडली. आणि आमच्या नऊही यंत्रांत जे वायरलेस कार्ड होतं ते नव्या प्रणालीला दिसतच नव्हतं. यंत्र आणि कार्ड यांच्यामध्ये एक दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आमच्या कार्डाचा दुभाषा कंपनीने कधी केलाच नव्हता. ज्यांनी तिची प्रणाली विकत घेतली नाही ते लोक तिच्या लेखी जगात नव्हते.

मी हे काकांना सांगितलं. ते यंत्रावर वाकले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "पत्रकबाई, पाणी येत नाही म्हण, वीज नाही म्हण. वायरलेस चालत नाही असं मी कोणाकडून ऐकून घेणार नाही."

सबनीसांनी ते ऐकून घेतलं आणि तारीख दिली. एक गणिताचे सर त्या खोलीत कोचिंग काढायला तयार होते. "कोजागिरीपर्यंत वाट बघतो," वकील म्हणाले. "तोवर तुमची यंत्रं चालली तर खोली तुमची. नाही तर सरांची. मी शब्द देतो."

महिनाभर होता. मी इंटरनेटवरच्या एका चर्चाफलकावर लिहिलं. लेख लांब होता. त्यात मक्तेदारी होती, गरिबांच्या तोंडावर बंद होणारे दरवाजे होते, आणि शेवटी कार्ड चालत नाही हेही होतं. एकानेही उत्तर दिलं नाही. मला वाटलं, जग निर्दय आहे. काकांनी माझा लेख दोनदा वाचला आणि विचारलं, "यात कार्डाचा नंबर कुठाय?"

त्या संध्याकाळी त्यांनी मला इकडच्याच सिंध नदीकाठच्या एका पोलीस चौकीची गोष्ट सांगितली. तरुणपणी तिथे ते एकटे ऑपरेटर होते. पुराच्या दिवसांत खालच्या चौकीवरून निरोप आला, पण तुटक. दोन शब्द लागले, बाकी खरखर. काकांना वाटलं, पुन्हा पाठवतील. खालच्यांना वाटलं, पोचला. दोन्हीकडे माणसं जागी होती, दोन्हीकडे सेट चालू होते, आणि सात तास कोणीच काही बोललं नाही. गावातली माणसं शाळेच्या छपरावर बसून होडीची वाट बघत होती. होडी पोचली तेव्हा त्यांतल्या एका म्हातारीला उचलून उतरवावं लागलं. ती गेलेली होती.

"मला कोणी दोष दिला नाही," काका म्हणाले. "वहीत निरोपच नव्हता, मग दोष कशाचा? पण मी तेवढं एक बटण दाबून म्हणू शकत होतो ना, की तुमचं मिळालं नाही. मिळालं नाही हेसुद्धा कळवायचं असतं, पत्रकबाई. लोक काय करतात, मिळालं नाही की रुसून बसतात."

नंतर त्यांनी स्वतः पत्र लिहिलं. त्या जातीच्या जुन्या कार्डांसाठी कोणी एका परदेशी माणसाने काही वर्षांपूर्वी आपल्या हौसेने ड्रायव्हर केला होता आणि पुढे ते काम सोडून दिलं होतं. त्याचा पत्ता मी शोधून दिला. पत्राचं इंग्रजी तारेसारखं होतं. कार्डाचा नंबर. यंत्राचं नाव. केलेले अकरा प्रयत्न, प्रत्येकाची वेळ, प्रत्येकाला यंत्राने दिलेलं उत्तर जसंच्या तसं. शेवटी एक ओळ: नऊ यंत्रं, एक खोली, आम्ही दररोज सोळा ते अठरा हजर असतो. सरकार, कंपनी, न्याय, काही नाही. मला ते पत्र कोरडं वाटलं.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. त्या माणसाने लिहिलं होतं, की एकही प्रश्न उलट विचारावा लागू नये अशी तक्रार त्याला फार दिवसांनी मिळाली. आमचं कार्ड त्याच्या ओळखीच्या कार्डाचं धाकटं भावंड होतं. ड्रायव्हरमध्ये ओळखीच्या कार्डांची यादी असते, तीत त्याचा नंबर नव्हता, म्हणून यंत्र त्याला ओळख देत नव्हतं. त्याने नंबर घातला होता, आणखी थोडी दुरुस्ती केली होती, आणि करून पाहा म्हणाला होता.

"म्हणजे हजेरीपटात नावच नव्हतं," काका म्हणाले. "आणि आपण म्हणतोय, पोरगं बोलत का नाही." त्यांनी उलट पाठवलं: रिसीव्ह्ड. ट्रायिंग. विल रिपोर्ट.

पण त्या माणसाने खाली आणखी एक गोष्ट लिहिली होती. कार्ड जागं होताना त्याच्या पोटात एक छोटी फाइल भरावी लागते. ती कंपनीची. फुकट मिळते, पण बंद. तिच्यात काय लिहिलंय ते कोणालाही वाचता येत नाही.

मी नाही म्हटलं. खोलीच्या दारावर मी स्वतः पत्रक चिकटवलं होतं: इथे जे चालतं ते उघडं चालतं. त्या दाराआड कुलूपबंद फाइल घालायची असेल तर मी त्यात नाही, असं मी सांगितलं. काकांनी वाद घातला नाही. यंत्र मिटलं, चहा केला. राजाबेटी आल्या, बसल्या, गेल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही माझ्यापुढे उघडी ठेवली.

"१६.०५. राजाबेटी हजर. १६.१०. फाइल उपलब्ध. पत्रकबाईंची हरकत. काम थांबलं. १६.३०. राजाबेटी परत." खाली दुसऱ्या दिवसाच्या ओळी, अक्षरशः त्याच.

"हे माझ्याविरुद्ध आहे," मी म्हटलं.

"विरुद्ध काही नाही. झालं ते लिहिलं."

"मग माझं कारण का नाही लिहिलंत?"

"सांग. लिहितो."

मी सांगितलं. तीन-चार मिनिटं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, थांबले, लिहिलं आणि वही माझ्याकडे फिरवली. लिहिलं होतं, "कारण: तत्त्व."

"बरोबर आहे ना? रिपीट करून घेतो."

बरोबर होतं. एक अक्षर चुकीचं नव्हतं. त्याच्या खालच्या ओळीत राजाबेटी परत गेल्या होत्या. मी त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. मग म्हटलं, "भरा फाइल."

"असं नको," काका म्हणाले. "हरकत मागे घेतेस?"

"नाही."

"शाबास. मग लिहितो, हरकत कायम, काम चालू."

माझी हरकत आजही कायम आहे. ज्या फाइलच्या आत काय आहे ते मला पाहता येत नाही, ती माझी नाही, आणि तशी फाइल घेतल्याशिवाय माणसाला शिकता येऊ नये हा अन्याय आहे. पण तो अन्याय राजाबेटींनी आपल्या दोन तासांतून फेडावा, असं म्हणायचा हक्क मला कोणी दिला होता? काकांनी दारावरचं पत्रक काढायला लावलं नाही. त्यांनी मला लाल पेन दिलं. मी खाली लिहिलं: "एक फाइल सोडून. ती कोणती, ते आत विचारा."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. काकांनी जाहीर केलं की यंत्रांना सुट्टी. यामागे त्यांची एक जुनी सल होती. नोकरीत दर खंडेनवमीला ते सेटची पूजा करत, पण पोलिसांचा सेट एक मिनिटही बंद ठेवता येत नाही. हळद-कुंकू लागत असतानाही तो खरखरतच असे. "सगळ्यांची हत्यारं त्या दिवशी विसावतात," ते म्हणत, "माझ्याच हत्याराला कधी रजा मिळाली नाही." तेव्हा या नऊ यंत्रांना त्यांनी पुरती रजा द्यायचं ठरवलं. सकाळी धोतर नेसून आले, सतरंजीवर यंत्रं ओळीने मांडली आणि प्रत्येकापाशी मांडी घालून बसून बराच वेळ काहीबाही करत राहिले. मी पूजेत नव्हते, तत्त्वाने. दारात उभी राहून पेढा मात्र घेतला.

दसरा गेला. आम्ही ड्रायव्हर बसवला, फाइल भरली, आणि पहिल्या यंत्राने पहिल्यांदाच कार्डाचं नाव दाखवलं. मी टाळी वाजवली. काकांनी वाजवली नाही, कारण नावाखालची यादी रिकामी होती. गल्लीत किमान सहा घरांचं इंटरनेट हवेत फिरत होतं. माझ्या फोनला ती सहाही दिसत होती. यंत्राला एकही नाही. दुसरं यंत्र, तिसरं, नववं, सगळीकडे तेच. परदेशच्या माणसाला कळवलं. तो म्हणाला, मी तसलंच कार्ड मिळवून लावून पाहिलं, चालतंय.

"त्याच्या टोकाला ठीक आहे," काका म्हणाले. "दोष आपल्या टोकाला आहे."

चार दिवस गेले. काका चिडचिडे झाले. कोणी यंत्राला हात लावला की ओरडत. राजाबेटींनी कडेवरचं वाळलेलं कुंकू पुसायला पदर लावला तर "मत छेड़िए" म्हणून त्यांनाही बोलले. त्यांनी पदर आवरला. त्या चार दिवसांत रोज येऊन, छापील पुस्तकातलं जेवढं आपलं आपल्याला कळेल तेवढं वाचून जात होत्या.

कोजागिरीच्या दुपारी साडेचारला सबनीस वकील आले. बरोबर गणिताचे सर, सरांच्या हातात मोजपट्टी.

"काटेसाहेब, काय म्हणतंय?"

"अठरापर्यंत आमची वेळ आहे, वकीलसाहेब."

"हो हो, बसा. सर नुसतं माप घेतील."

सर भिंतीला पट्टी लावू लागले. काकांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि वही माझ्या हातात दिली. "वाच. पहिल्या पानापासून. मोठ्याने."

मी वाचू लागले. विजेचे पॉइंट तीन. केबल तुटली. केबल पुन्हा तुटली. मधून मधून सरांचा आवाज, "सव्वाअकरा फूट... इकडे दहा." राजाबेटी भिंतीशी सरकून बसल्या, म्हणजे सरांना पट्टी नेता यावी. पत्र पाठवलं. उत्तर आलं. हरकत. हरकत. हरकत कायम, काम चालू. मी पान उलटलं.

"खंडेनवमी. ०९.४०. यंत्रं एक ते नऊ बंद. चार्जर काढले. पुढच्या कडेची वायरलेसची बटणं डावीकडे सरकवली. पूर्ण विश्रांती."

"थांब," काका म्हणाले. "पुढे."

"एकादशी. १६.००. यंत्रं चालू. चार्जर लावले."

"आणि?"

मी पानभर शोधलं. पुढच्या पानावर शोधलं. "आणि काही नाही, काका."

त्या जुन्या यंत्रांना पुढच्या कडेखाली नखाएवढं एक बटण असतं. ते सरकवलं की कार्डाची वीजच तुटते. मग ड्रायव्हर कितीही शहाणा असो. आम्हा कोणाच्या ते लक्षातही नव्हतं. ज्याला माहीत होतं त्याने प्रेमाने नऊ वेळा ते बंद केलं होतं.

आता जे झालं ते मला सर्वांत जास्त आठवतं. सबनीसांना यातलं काही कळलेलं नव्हतं. काका वाकून बटण सरकवून "लागलं बघा" म्हणू शकले असते, आणि आम्ही सगळे वाहवा म्हणालो असतो. त्यांनी वही मागितली. उभ्या उभ्या लिहिलं आणि लिहिलेलं वाचून दाखवलं, सेटवर वाचतात तशा आवाजात: "१६.५२. यंत्रांत बिघाड नव्हता. ऑपरेटरची चूक. चार दिवस वाया. काटे."

मग राजाबेटी म्हणाल्या, "काका जी, मशीनें सुलाईं आपने, और डाँट हम खाते रहे."

"जी. माफी."

"तो जगाने की भी कोई रसम होगी?"

काका हसले. चार दिवसांत पहिल्यांदा. "है. आप ही कीजिए."

राजाबेटींनी पहिलं यंत्र उचललं, कडेखाली बोट घातलं आणि बटण सरकवलं. एक निळा दिवा लागला. यादी आधी रिकामीच राहिली, मग एक नाव आलं, मग चार, मग सहा, आणि त्यांत तिसरं डॉक्टरीणबाईंचं होतं. त्यांनी संकेतशब्द घातला, एका बोटाने, एकेक अक्षर. त्यांचा विज्ञानाचा धडा उघडला तेव्हा गणिताचे सर पट्टी हातात घेऊन तसेच उभे होते.

सबनीस खुर्चीवरून उठले. "काटेसाहेब, ते चुकीचं वगैरे लिहायला नको होतं. मंडळाच्या समितीसमोर वही येईल."

"येऊ द्या ना. तिच्यासाठीच आहे ती."

वकिलांनी नऊ यंत्रांकडे पाहिलं, राजाबेटींकडे पाहिलं. "कोजागिरीपर्यंत म्हणालो होतो," ते सरांना म्हणाले, "आणि आज कोजागिरीच आहे. चला, आपण दुसरीकडे बघू." त्यांच्याबद्दल मी पुष्कळ वाईट लिहिलं आहे, छापूनही आणलं आहे. दिलेला शब्द त्यांनी पाळला, हेही लिहिलं पाहिजे.

काका दुसऱ्या दिवशी इंदूरला जाणार होते. लेकीकडे राहून हृदयाचं ऑपरेशन करायचं होतं. महिन्याभरात येतो म्हणाले होते, आणि आम्ही ते तसंच धरून चाललो होतो. ते आले नाहीत. ऑपरेशन चांगलं झालं, आठव्या दिवशी गेले, असं लेकीने फोनवर सांगितलं.

म्हणून त्या दुपारचं शेवटचं सांगते. खोलीत एव्हाना शेजारच्या दोन बाया येऊन बसल्या होत्या, राजाबेटी कानामागे हात धरून धडा ऐकत होत्या, आणि काकांनी नववं यंत्र उघडंच दोन्ही तळव्यांवर घेतलं. "उद्या जागा पुरणार नाही," ते म्हणाले. "लोक ओट्यावर बसतील, गल्लीत बसतील. कुठवर मिळतं ते पाहायला हवं. तू दारात उभी राहा." चपला घालून ते निघाले. मी उंबऱ्यात उभी राहिले. दवाखान्यापाशी थांबून त्यांनी पडद्यात पाहिलं आणि माझ्याकडे वळून हात वर केला: मिळतंय. पिठाच्या गिरणीपाशी पुन्हा हात. एक केळीवाला गाडी बाजूला घेऊन त्यांना वाट देत म्हणाला, "दादा, शादी का कार्ड बाँट रहे हो क्या?" त्यांनी त्याला काहीतरी उत्तर दिलं, ते मला ऐकू आलं नाही. कोपऱ्यावर मोटरसायकल दुरुस्तीच्या दुकानापाशी ते बराच वेळ थांबले, यंत्र जरा उंच धरलं, जरा तिरपं केलं. मला वाटलं, आता मान हलवून परत फिरतील. त्यांनी हात वर केला, आणि अजून मिळतंय तर थांबायचं कशाला, अशा चालीने वळणापलीकडे गेले.